पाकटाचा काटा आणि उन्हाळी टायर

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीबद्दल वाचतो माझा नवरा. लायसन्स त्याच्याकडेही आहे. पण गाडी घेतली त्याच आठवड्यात त्याने ती बोरीवलीत एस. व्ही. रोडच्या मधोमध बंद पाडली. मागे रिक्षावाल्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. तो शांतपणे दार उघडून खाली उतरला, बॉनेटला वळसा घालून माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "तिकडे सरक." मी सरकले, ती आजतागायत तिथेच आहे.

तो कांदिवलीला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासतो. गोळी पाण्यात टाकायची, किती मिनिटांत विरघळली ते डोळ्यांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. न बघितलेलं लिहायचं नाही आणि बघितलेलं गाळायचं नाही. हा त्याच्या नोकरीचा नियम आहे, आणि दुर्दैवाने घरीही तो हाच नियम पाळतो. आमच्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या आईने विचारलं, "पुरणपोळी कशी झाली?" तर हा म्हणाला, "मध्यभागी उत्तम. कडेला कच्ची." आईने ते अजून मनात ठेवलं आहे.

गेल्या वर्षी होळीच्या आधी गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले. मी म्हटलं, दहिसरला दुकान आहे, शनिवारी जाऊन टाकून येते. तो म्हणाला, "थांब, मी जरा वाचतो." ते वाचन तीन आठवडे चाललं. जगभरातले ड्रायव्हर टायरचे अनुभव लिहितात अशी एक वेबसाइट त्याला सापडली होती. रात्री जेवताना तो मला आणि सासऱ्यांना ते अनुभव मराठीत करून सांगायचा. डोंगरातल्या कुठल्याशा देशातला माणूस लिहायचा की ओल्या रस्त्यावर, ताशी एकशे साठच्या वेगात, वळणावर गाडी खिळ्याने ठोकल्यासारखी राहिली. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं की हे टायर लावल्यापासून त्याचं बायकोशी भांडण होत नाही, कारण आवाज इतका कमी की ती काय बोलते ते ऐकू येतं. सासरे वरणभात कालवता कालवता ऐकत. ते गिरणीत होते. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना अर्धं ऐकू येत नाही, पण उरलेल्या अर्ध्यावर त्यांचं भागतं.

शेवटी त्याने टायर निवडला. परदेशी कंपनीचा, 'हाय परफॉर्मन्स समर' जातीचा. आमच्या नऊ वर्षं जुन्या, दोन्ही बंपरना ओरखडे असलेल्या गाडीसाठी.

दहिसरच्या दुकानदाराने तो टायर मागवून घेतला होता. माल दाखवताना त्याच्या आवाजात आदर होता. "हा ताशी दोनशे सत्तरपर्यंत धावतो," तो म्हणाला. "गाडी कोण चालवतं?"

"मी."

"कुठे जाता?"

"बोरीवली ते अंधेरी. सकाळी नऊला निघते. हायवेने."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा टायरकडे पाहिलं. "मग मॅडम, आपण दुकानातून निघालोय हे ह्याला कळणारच नाही."

नवरा म्हणाला, "वेगाचा प्रश्नच नाही. पकड बघा." आणि बोटाने रबर दाबून दाखवलं. दुकानदारानेही दाबलं. मग मलाही दाबायला लावलं. मी अंधेरीला एमआयडीसीत दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मऊ-कडक मला बोटांना कळतं. रबर चांगलं होतं, एवढं मी कबूल केलं.

घरी आल्यावर सासरे खाली उतरून टायर बघायला आले. चारही बाजूंनी फिरले.

"समर म्हणजे काय रे?"

"उन्हाळा, बाबा."

"उन्हाळ्याचे टायर?" सासरे थांबले. "मग पावसात काय नुसत्या रिमार गाडी चलवतलास?"

नवऱ्याने त्यांना समजावून सांगितलं की थंडीच्या देशात बर्फासाठी वेगळे टायर असतात, हे बाकीच्या दिवसांसाठी, पावसातही चालतात, फक्त तापमान सात अंशांच्या खाली गेलं की ह्यांचं रबर कडक होतं.

"बोरवलीत सात अंश कधी होता?"

"कधीच नाही. म्हणजे आपण बाराही महिने लायक आहोत," नवरा म्हणाला. तो शब्द त्याने असा उच्चारला की जणू आम्हाला कसलंसं मानपत्र मिळालंय. पण त्या दिवसापासून सोसायटीतल्या प्रत्येकाला सासरे सांगत सुटले की मुलाने उन्हाळी टायर घेतलेत, पावसाळ्यात सून बसने जाईल.

खरा त्रास मग सुरू झाला. त्या वेबसाइटवर फुकट वाचलेल्या अनुभवांची परतफेड म्हणून आपणही एक अनुभव लिहायचा, असं नवऱ्याने ठरवलं. त्यांचा एक तक्ता होता. कोरड्या रस्त्यावरची पकड, ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज, आराम, वळणावरची स्थिरता, प्रत्येकाला दहापैकी गुण. आता अनुभव लिहायचा म्हणजे निरीक्षण हवं, आणि गाडी तर मी चालवत होते. त्यामुळे रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आत प्रश्न यायचा.

"आज वळणावर कसं वाटलं?"

"कुठलं वळण? नॅशनल पार्कपासून गोरेगावपर्यंत पहिला गिअर, मग दुसरा, मग परत पहिला."

"ब्रेक लावल्यावर?"

"ब्रेक लावलेलाच होता रे. सुटला कधी ते विचार."

तो वहीत लिहायचा: 'वेग नगण्य. निष्कर्ष नाही.' एकदा वैतागून मी म्हटलं, "सात."

"सात कशासाठी?"

"कशासाठी पण लाव. मला सातला घरी पोचायला मिळालं म्हणून सात."

त्याने वही मिटली. दुखावला होता. मलाही थोडं वाईट वाटलं, पण भूक जास्त लागली होती.

एप्रिलपर्यंत तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांची त्याने कशीबशी सोय लावली. ओल्या रस्त्यासाठी कांदिवलीत पाण्याची लाइन फुटली तेव्हा मला मुद्दाम तिथून जायला लावलं. फक्त वळणाचा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा ठेवला तर वेबसाइट अनुभव स्वीकारत नव्हती. म्हणून एका रविवारी सकाळी मढला जायचं ठरलं. मालाडहून मार्वे आणि पुढे मढकडे जाणारा रस्ता झाडाझाडांतून वळत वळत जातो. सासरेही तयार झाले. त्यांना पावसाळ्याच्या बेगमीची सुकट आणि सुके बोंबील हवे होते. उन्हाळी टायरचा हा पहिला खरा उपयोग, असं म्हणून ते पिशव्या घेऊन मागच्या सीटवर बसले.

वळणावर गाडी किती कलते ते मोजायला नवऱ्याकडे यंत्र नव्हतं. पण आरशाखाली लिंबू-मिरची टांगलेली होती. त्याने खालच्या मिरच्या काढून टाकल्या, कारण त्या हवेने हलतात, आणि नुसतं लिंबू ठेवलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या आमच्या मुलीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक डॅशबोर्डवर चिकटपट्टीने उभा केला. लिंबू किती अंश कलतं ते तो बघणार होता, वेग सासरे मागून वाचणार होते, आणि मी फक्त चालवायचं होतं.

"नैसर्गिक चालव," तो म्हणाला.

"लिंबाकडे बघत कशी नैसर्गिक चालवू?"

"तू नको बघू. मी बघतो."

मार्वेपर्यंत आमच्यापुढे पाण्याचा टँकर होता. लिंबू जागचं हललं नाही. टँकर वळून गेला, तर बर्फाच्या लाद्या नेणारा टेम्पो आला. मग तोही गेला आणि एकाएकी रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना झाडं, ऊन-सावली, पुढे डावीकडे जाणारं लांबलचक वळण, आणि समोर कोणी नाही. मी तिसरा टाकला. मग चौथा. खरं सांगते, चौथा गिअर टाकल्याला मला कितीतरी महिने झाले होते.

"अठ्ठेचाळीस!" सासरे ओरडले. "बावन!"

"अकरा अंश," नवरा म्हणाला. "तेरा. चौदा!"

आणि गाडी वळणात अशी बसली की... मला तेव्हा शब्द सुचला नाही. मी हसले, एवढं आठवतं. एकटीच मोठ्याने हसले. पुढचं वळण दिसू लागलं. मग डाव्या बाजूने फस्स असा आवाज आला आणि स्टिअरिंग माझ्या हातात जड झालं.

पुढचा डावा टायर बसला होता. मी जॅक लावला, सासऱ्यांनी नटबोल्ट पिशवीत धरले, नवऱ्याने वेळ, ठिकाण आणि गाडीचं रीडिंग लिहून घेतलं. डिकीतला जुना गुळगुळीत टायर लावून आम्ही कोळीवाड्याच्या तोंडाशी असलेल्या पंक्चरवाल्याकडे पोचलो. त्याने टायर पाण्याच्या टबात फिरवला, बुडबुडे जिथून येत होते तिथे पक्कड घातली आणि खेचली. बाहेर जे आलं ते बघून तो पक्कडीसकट दोन पावलं मागे सरकला.

खिळा नव्हता. तारही नव्हती. बोटभर लांब, पिवळट पांढरी, चपटी वस्तू, आणि दोन्ही कडांना बारीक, मागे वळलेले दात. दात हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे मी ती हातात घेतली. हाडासारखी होती. करवतीसारखी.

"पंचवीस वर्षं पंक्चर काढतोय," तो म्हणाला. "हे काय हाय?"

समोर पत्र्याच्या सावलीला एक कोळीण मासे घेऊन बसली होती. साठीची असेल. कोयती खाली ठेवून ती उठली आणि आमच्यात डोकं घातलं.

"पाकटाचा काटा ह्यो," ती म्हणाली. "शेपटीतला. कुटं गावला तुमाला?"

"टायरमध्ये."

तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "पान्यात गाडी घातली काय?"

पाकट हा चपटा, सुपासारखा मासा. त्याच्या लांब शेपटीवर हा काटा असतो आणि तो विषारी असतो, म्हणून जाळ्यातून काढल्याबरोबर आधी शेपटी छाटून टाकतात. छाटलेली शेपटी कुत्र्याने नाहीतर घारीने रस्त्यावर आणून टाकली असेल, असं कोळणीने सांगितलं. नवऱ्याने तिचं म्हणणं लिहून घेतलं, काटा कागदात गुंडाळला, आणि घरी आल्यावर एका पारदर्शक पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली: 'नमुना क्र. १'.

पंक्चर नीट निघालं. सुकटही छान मिळाली. प्रकरण तिथेच संपलं असतं, पण त्याच रात्री नवऱ्याने वेबसाइटवर अनुभव लिहिला. वळणावरच्या स्थिरतेला नऊ गुण दिले. शेवटी 'बिघाड' ह्या रकान्यात जे बघितलं ते लिहिलं: 'पंक्चर एक. कारण पाकट मासा.'

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्याचा मला फोन आला. त्याचा आवाज इतका सपाट होता की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"लोक हसतायत गं," तो म्हणाला.

संध्याकाळी मी वाचलं. बर्फाच्या देशातल्या एकाने विचारलं होतं की समुद्राच्या तळाशी पकड कशी आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, पाकट उजव्या बाजूने आला असेल तर आधी वाट त्याची, नियम वाचा. एकजण मात्र मनापासून मदत करत होता. खाऱ्या पाण्यात गाडी चालवल्याने वॉरंटी जाते, असं तो तीन वेळा बजावत होता. आणि ह्या सगळ्यांच्या खाली वेबसाइट चालवणाऱ्यांचा निरोप होता: हा अनुभव प्रत्यक्ष वाहन चालवण्याच्या परिस्थितीशी जुळत नसल्यामुळे काढून टाकण्यात येत आहे. सोबत नवऱ्याच्या खात्यावर 'अविश्वसनीय' असा लाल शिक्का.

तो जेवला नाही. ताटासमोर बसून राहिला. "बावीस वर्षांत माझ्या एका नोंदीवर कोणी बोट ठेवलं नाही," म्हणाला.

"सोड ना यार. कोण कुठली माणसं. तुला ओळखतात तरी का?"

"म्हणूनच तर. त्यांच्याकडे माझं तेवढंच आहे ना, लिहिलेलं."

सासऱ्यांनी ऐकू न येणाऱ्या कानाने सगळं ऐकलं होतं. "ह्येचो निकाल लागल्याशिवाय ह्यो काय जेवचो नाय," ते मला म्हणाले. "घेऊन जा गो त्येका परत मढाक."

पुढच्या रविवारी आम्ही परत निघालो. कोळीण तिथेच बसली होती. नवऱ्याने नमुना क्रमांक एक पुढे धरून सगळी हकिगत सांगितली. परदेशातली माणसं आपल्याला खोटं ठरवतायत, एवढाच भाग तिने उचलला.

"मना खोटी बोलतान?" ती उठली. "माज्या तोंडानं सांगितलंय नं पाकट म्हनून? मग मीच खोटी नं?"

तिने व्हिडिओत साक्ष द्यायचं कबूल केलं. पण तशीच नाही. टोपलीवर फडकं टाकून ती घरी गेली आणि अर्ध्या तासाने आली ती नवं लुगडं, गळ्यात सोन्याच्या माळा आणि अंबाड्यावर अबोलीचा गजरा घालून. मागून आठदहा बायका आणि पोरंसोरं. नवऱ्याने मोबाइल धरला. तिने काटा वर करून कॅमेऱ्याकडे बघत सुरुवात केली, "ह्यो पाकटाचा काटा..."

"पाकटाचा नाय तो," मागून आवाज आला. "शिंगाल्याचा हाय."

एक म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, जाळं विणत बसला होता. तो कोळणीचा दीर निघाला. आणि त्यांचं आपसात काहीतरी जुनं होतं, हे सगळ्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले त्यावरून कळलं. शिंगाळा हाही मासाच, आणि त्यालाही टोकदार काटा असतो. तो म्हणाला शिंगाळा, ती म्हणाली पाकट. तो म्हणाला, माझा जन्म पाण्यात गेला. ती म्हणाली, तुझा जन्म पाण्यात गेला, पण मासा कापला कोणी?

झालं. नवऱ्याने मोबाइल खाली घेतला. "साक्षीत मतभेद आहेत," तो मला म्हणाला. "असं नाही टाकता येणार."

"अरे, तुझ्या बाजूने बोलतेय ती!"

"म्हणून काय झालं? तो माणूस नाही म्हणतोय ना."

मग प्रयोग करून बघायचं ठरलं. कोळणीच्या बादलीत सकाळच्याच पाकटाची शेपटी होती. तांडेलाने शिंगाळ्याचा काटा मागवला. एका बोटीच्या कडेला लावलेला जुना टायर कोणीतरी सोडून आणला. पण नवऱ्याने तो नाकारला. तो दुसऱ्या जातीचा टायर आहे, त्यावरून आपल्या टायरबद्दल काही सिद्ध होत नाही.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना आमच्या गाडीकडे वळल्या.

नवऱ्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो टायर त्याने तीन आठवडे वाचून निवडला होता. मी रोज घरी आल्यावर तो खाली जाऊन त्याच्या खाचांतले खडे काढायचा. तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर नाही."

सासरे मागून म्हणाले, "खुळावलो ह्यो."

मी 'नाही' म्हणू शकले असते. पण तो आठवडाभर नीट जेवला नव्हता, आणि माझ्या माणसाला खोटं म्हटलेलं मलाही सहन होत नव्हतं. मी गाडीत बसले. नवऱ्याने मोबाइल परत वर धरला. तांडेलाने दोन विटांच्या मध्ये शिंगाळ्याचा काटा उभा केला. मी पहिल्या गिअरमध्ये हळूच वरून नेली. कट् असा आवाज आला. काटा मोडून पडला, टायर शाबूत. गर्दीतून "आय्यो" असा सूर उमटला. मग कोळणीने स्वतःच्या हाताने, पदर खोचून, विटांमध्ये पाकटाचा काटा लावला आणि दोन्ही हातांनी मला इशारा केला, ये, ये, अशी, जशी बोट किनाऱ्याला घेतात तशी. मी नेली.

फस्स.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पंक्चरवाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. कोळणीने दिराकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ कॅमेऱ्यासमोर आली आणि तिने परदेशातल्या त्या माणसांना, त्यांच्या आयांना आणि त्यांच्या वाहनांना उद्देशून जे भाषण केलं, त्याचं इंग्रजी करायला नवऱ्याला तीन संध्याकाळी लागल्या. त्याने काहीही गाळलं नाही.

व्हिडिओ पाठवला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी ओट्याजवळ उभी राहून त्याच्या खांद्यावरून वाचलं. त्यांनी माफी मागितली होती. काट्याबद्दल त्यांचं समाधान झालं होतं, लाल शिक्का काढून अनुभव परत लावला होता. त्यांच्याकडच्या एकाने समुद्री जीवांच्या जाणकारालासुद्धा विचारलं होतं. पण खाली एक ओळ होती. तुमच्या अनुभवात 'मी गाडी वळणावर नेली' असं आहे. व्हिडिओत गाडी एक बाई चालवत आहेत. आमच्या नियमानुसार अनुभव चालकाचाच हवा. गाडी कोण चालवतं?

त्याने ती ओळ बोट ठेवून परत वाचली.

"खरं आहे त्यांचं," तो म्हणाला. "मी 'मी' लिहिलं."

"सवयीने लिहिलं असशील."

"मी बसलो होतो. चालवत तू होतीस." त्याने आपला अनुभव स्वतःच काढून टाकला. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि खुर्चीवरून उठला. "तिकडे सरक" म्हणाला नाही, पण मला ते ऐकू आलं.

"मला काय लिहायचं ते माहीत नाही," मी म्हटलं. "कुकर लावायचाय."

"मी लावतो. तुला कसं वाटलं ते लिही. त्या दिवशी तू हसलीस, ते का?"

म्हणजे त्याने बघितलं होतं. वहीत मात्र घातलं नव्हतं.

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. लिहायला मला दीड तास लागला. मी लिहिलं की मी रोज बोरीवलीहून अंधेरीला जाते आणि ह्या टायरना काय येतं ते रस्ता मला कळू देत नाही. पण एका रविवारी मढच्या रस्त्यावर एक वळण मोकळं मिळालं. वेग बावन्न. तुमच्यात हा वेग हसण्यासारखा असेल. वळणात गाडी बाहेर फेकली जाईल म्हणून मी नेहमी खांदे आवळून बसते, इतकी वर्षं आवळूनच बसत होते. त्या वळणावर गाडीने रस्ता धरून ठेवला आणि माझे खांदे आपोआप खाली आले. ते वर होते हेच मला तेव्हा कळलं. वळणाला दहापैकी नऊ. एक गुण पाकटामुळे कापला. 'बिघाड' ह्या रकान्यात पंक्चर दोन, दुसरं मुद्दाम. 'परत घ्याल का?' ह्याच्यापुढे मी लिहिलं की रस्ता मोकळा मिळणार असेल तर.

ते तसंच्या तसं छापलं गेलं. आणि लोकांनी पुष्कळ लिहिलं. हसले, पण वेगळं. मागे खाऱ्या पाण्याबद्दल बजावणाऱ्या माणसाने लिहिलं की तोही खांदे आवळून बसतो. कोणीतरी पाकटाचं कालवण कसं करतात ते विचारलं. ते मला येत नव्हतं, म्हणून पुढच्या फेरीला कोळणीला विचारून कळवलं. तिने आधी खात्री करून घेतली की विचारणारा शिंगाळ्याच्या बाजूचा नाही ना.

मृगाच्या सुमाराला एका सकाळी लॅबला निघाले तर सासरे खाली गाडीपाशी उभे होते. हातात छत्री आणि माझ्यासाठी बसचे सुटे पैसे. आभाळ भरून आलं होतं. मी पैसे घेतले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले. आरशात दिसलं, ते वळणापर्यंत माझ्याकडे नाही, मागच्या टायरकडे बघत होते.